बाळाला फोन द्या

करोनाच्या त्या वर्षी पहिलीत दाखल झालेली मुलं मी पाहिलीच नव्हती. हेडसरांनी घरोघरी फोन करून नावं नोंदवून घेतली होती, दाखले नंतर आणून द्या म्हणून सांगितलं होतं, आणि मे संपत आला तेव्हा माझ्यासमोर वर्ग नव्हता, नुसते मोबाइल नंबर होते.

रेवदंड्याच्या खाडीजवळच्या एका कोळी वस्तीत आमची दोनशिक्षकी शाळा होती. तिसरी-चौथी हेडसरांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. मी अलिबागला राहत होते. वस्तीकडे वळणाऱ्या रस्त्यावर गावकऱ्यांनी दोन पिंपं ठेवून वर बांबू आडवा टाकला होता. बाहेरच्या कुणाला आत सोडत नव्हते, आणि बाहेरच्यांत मीही आले. त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. आमच्या सोसायटीनेही तेच केलं होतं.

वरून सूचना होती की पालकांचा ग्रुप करा, व्हिडिओ पाठवा. मीही स्वयंपाकघरातल्या फळीला मोबाइल टेकवून एक व्हिडिओ केला. बडबडगीत म्हणताना माझ्यामागे कुकर दिसत होता. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती आणि आतल्या खोलीत तिचे स्वतःचे वर्ग चालायचे. ती बाहेर येऊन म्हणाली, "आई, तू किती ओरडतेस. फोन म्हणजे काही वर्गाचा शेवटचा बाक नव्हे." व्हिडिओ तीन-चार जणांनी पाहिला. एका पालकाने खाली हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मुलांपैकी कुणी तो पाहिला की नाही, हे मला कधी कळलं नाही.

मग चक्रीवादळ आलं. वाड्यांतल्या पोफळी आडव्या झाल्या, शाळेच्या एका बाजूचे पत्रे उडाले, आणि वस्तीतली वीज गेली ती लवकर आलीच नाही. ग्रुप आपोआप बंद पडला. गावातल्या एका रिक्षावाल्याने रिक्षाच्या बॅटरीवर लोकांना फोन चार्ज करून द्यायला सुरुवात केली. मोठ्या स्क्रीनचे फोन दिवसभरात मान टाकायचे. बटणांचे साधे फोन मात्र एकदा चार्ज केले की दोन-चार दिवस निघायचे. तेव्हा मी ठरवलं की एकेका घरी साधा फोन करायचा आणि एकेका मुलाशी बोलायचं. शिकवायचं ते तोंडाने.

वस्तीपासून थोडं लांब, भरतीचं पाणी शिरतं त्या खाजणाच्या बांधाला लागून एक घर होतं. वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. ते समुद्रावर गेले की चांगला फोन त्यांच्याबरोबर जायचा. आई सकाळी कोळंबी सोलायच्या कामाला जायची ती दुपार कलली की परत यायची. घरी आजोबा, आणि त्यांच्याजवळ बटणांचा फोन. त्या घरातला मुलगा माझ्या पहिलीत होता.

पहिल्या दिवशी फोन केला तेव्हा आजोबांनी त्याला हाक मारून आणलं. मी नाव विचारलं, त्याने सांगितलं, मी चांगलं म्हटलं. जेवलास का विचारलं, तो गप्प. मागून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग फोन खाली पडल्यासारखं झालं आणि आजोबा म्हणाले, "पलाला."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आजोबा, बाळाला फोन द्या." पहिलीच्या सगळ्याच मुलांना मी बाळ म्हणते, ती माझी जुनी सवय आहे. आजोबांनी फोन दिला. पलीकडून श्वास ऐकू आला.

"नाव काय तुझं?"

त्याने नाव सांगितलं.

"जेवलास का?"

"मी जेवली."

"काय जेवली?" मी हसून विचारलं.

"भात. न् सुकट."

तिथून पुढे ते मूल बोलायला लागलं. तीन दिवसांत भीड चेपली, मला बरं वाटलं. मी त्याला सांगितलं, "जेवली नाही म्हणायचं. जेवलो. तू मुलगा आहेस ना?" मग आवाज आला, "व्हय." आणि मग, "मी जेवलो."

लहान मुलगे आई-आजीच्या, बहिणीच्या तोंडचं ऐकून 'मी आली, मी गेली' म्हणतात. दरवर्षी वर्गात एकदोन असे असतात, महिन्याभरात सुधारतात. हाही सुधारला. पानीचं पाणी झालं, शालाची शाळा झाली, तसंच जेवलीचं जेवलो झालं.

न दिसणाऱ्या मुलाला अक्षर शिकवणं ही गोष्ट मला कुठल्याही प्रशिक्षणात सांगितली नव्हती. फळा नाही, हात धरून गिरवणं नाही. मी घरातल्या वस्तू विचारायला लागले. दोरी माहीत आहे? माहीत आहे. गळ? तोही माहीत आहे. मग आडव्या दोरीवरून खाली गळ लोंबकळतोय, तो ट. त्याच दोरीला बांगडी अडकवली की ठ. उभी काठी घे, काठीला पोट फुटलंय, तो व. पोटातून एक काडी आरपार घातली की ब. मूल म्हणायचं, "थांबा." मग फोन जमिनीवर ठेवल्याचा आवाज, पायांचा आवाज, आणि खूप वेळाने, "काढला."

"नीट आलाय?"

"व्हय. पोट मोठा आलाय."

गणितही असंच. चिंचोके घे, पाच इकडे ठेव, तीन तिकडे, आता सगळे एकत्र कर. फोनमधून चिंचोके एकमेकांवर आपटल्याचा आवाज यायचा आणि मग उत्तर यायचं. चुकायचंही. चुकलं की मूल स्वतःच म्हणायचं, "परत बोला." बाकीची मुलं एवढा वेळ टिकत नसत. कुणाला मध्येच शी लागायची, कुणाची आई शेजारून उत्तर सांगायची, कुणी फोन कानाला लावून झोपून जायचं. या घरी मात्र मी सगळ्यांत शेवटी फोन करायचे, म्हणजे घाई करावी लागू नये. गोष्टी सांगायचे. कोल्ह्याची सांगितली तर ते विचारायचं, कोल्हा खाजणातला की डोंगरावरचा? मी म्हणायचे, तुला कुठला हवा? मग तो खाजणातला व्हायचा आणि चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, खायचा.

एकदा पुस्तकं आणि तांदूळ वाटायला आम्हाला गावात यायची परवानगी मिळाली. शाळेच्या पडवीत टेबल मांडलं. पालकांनीच यावं असं सांगितलं होतं, पण हे आजोबा नातवाला घेऊन आले. मुलाच्या तोंडाला आजोबांचा पंचा बांधलेला होता, वर नुसते डोळे दिसत होते.

"काय रे," मी म्हटलं, "आज बोलत नाहीस?"

मुलाने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली आणि तो आजोबांच्या मागे गेला.

"ह्यो काय बसत नाय बाई," आजोबा म्हणाले.

"असं कसं? फोनवर तर छान बसतो."

"फोनवर बसतंय, व्हय. बालाला लय आवड."

एवढं बोलून त्यांनी पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत घातली, तांदूळ खांद्यावर घेतला आणि ते गेले. मी हेडसरांना म्हटलं, काही मुलं फोनवरच खुलतात, समोर आली की बुजतात, हा अभ्यासाचा विषय आहे. हेडसर म्हणाले, "लिहा एखादा लेख." मी खरंच लिहिणार होते. सुदैवाने वेळ झाला नाही.

वर्ष संपलं. कुणाचीच परीक्षा झाली नाही, सगळी मुलं दुसरीत गेली. त्या मुलाच्या प्रगतिपत्रकावर मी चांगले शेरे लिहिले. मला त्याचं वाचन माहीत होतं. त्याने अंगणात लिहिलेला शब्द मला एकेक अक्षर फोडून वाचून दाखवलेला मी ऐकला होता. मग दुसरी लाट आली आणि वस्तीतली काही माणसं गेली. मुलांना फोन करताना मी घरातल्या मोठ्या माणसांची चौकशी आधी करायला शिकले. या घरातल्या सगळ्यांना ताप येऊन गेला, पण निभावलं. आजोबा बरेच दिवस खोकत होते. त्या दिवसांत मूल स्वतःच फोन उचलायचं आणि सांगायचं, "आजा झोपलाय. हलू बोला."

शाळा उघडली तेव्हा पावसाळा संपून थंडी पडायला लागली होती. मी वर्गात आधीच जाऊन बसले. मुलं एकेक करून आली, आणि मला गंमत वाटली की मी त्यांना आवाजावरून ओळखत होते. तोंड उघडलं की, अच्छा, तू होय. ज्याची मी जास्त वाट पाहत होते तो मुलगा शेवटी आला आणि दाराजवळ बसला. चांगला उंच झाला होता.

फळ्यावर मी सोपे शब्द लिहिले. त्याला म्हटलं, वाच. तो फळ्याकडे बघत राहिला. मी एकच अक्षर लिहिलं, ट. गळ लोंबतोय ना दोरीवरून? तो माझ्याकडे अशा नजरेने बघू लागला, जणू बाईंना काहीतरी झालंय. चिंचोके दिले. पाचापर्यंत मोजले, पुढे सात म्हणाला.

बुजला असेल म्हणून मी दोन-तीन दिवस जाऊ दिले. मग एका मधल्या सुट्टीत त्याला जवळ बोलावलं.

"घाबरतोस का मला?"

"नाय."

"मग फोनवर सगळं यायचं ते इथे का येत नाही?"

"तो मी नव्हतो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"फोनवर ना? ती बारकी होती."

त्याने हे अगदी सहज सांगितलं, आणि खेळायला जाऊ का, असं विचारलं. मी जा म्हटलं.

शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेले. बांधावरून चालत जावं लागतं, दोन्ही बाजूंना तिवरांची झाडं. अंगणात आजोबा जाळीवर वाळत घातलेली सुकट उलटवत होते. मला पाहून ते उठले, आत जाऊन प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले, फडक्याने पुसली. मी विचारलं, "आजोबा, घरात आणखी एक मूल आहे का?"

"हाय की. बारकी." त्यांनी आत हाक मारली.

दारातून एक डोळा आणि अर्धी वेणी दिसली. मी म्हटलं, ये. डोळा नाहीसा झाला. मी नाव विचारलं, उत्तर नाही. आजोबा म्हणाले, "आगो, बाई हायेत." थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि आजोबांचं धोतर धरून उभी राहिली. पाच-साडेपाच वर्षांची असेल. आम्ही पहिल्यांदा बोललो तेव्हा जेमतेम चारची असणार. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती, आणि माझ्या चेहऱ्यात तिला ओळखीचं काहीच सापडत नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. मी जे जे विचारलं त्याला तिने मान हलवून नाही म्हटलं. कोल्ह्याचंसुद्धा.

तेव्हा मी उठले आणि घराच्या मागच्या बाजूला गेले. पर्समधून फोन काढून आजोबांचा नंबर लावला. घरात घंटी वाजली. लगेच उचलला.

"बाई," तोच आवाज. "मी जेवलो."

"काय जेवलास?" माझ्याही तोंडून तेच आलं.

"भात. न् मांदेली. तुमी काल फोन नाय केला."

"शाळा सुरू झाली ना, म्हणून."

"आमच्याकडं एक बाई आलीय," ती हळू आवाजात म्हणाली. "आजानं खुर्ची दिलीय तिला."

मी फोन कानाला लावून तशीच उभी होते. घराच्या मागच्या गिलाव्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं होतं. जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत, जिथवर तिचा हात पोचत असेल तिथवर, अक्षरं आणि आकडे. ट आणि ठ बरोबर होते. व आणि ब मात्र उलटे होते. काठी डावीकडे आणि पोट उजवीकडे. काठीला पोट असतं एवढंच मी सांगितलं होतं, ते कुठल्या बाजूला ते मी सांगितलं नव्हतं. तिने एक बाजू धरली आणि सगळीकडे तीच ठेवली. पुस्तकात पाहून तिने दुरुस्त केलं असतं, पण पुस्तक पोरं फाडतील म्हणून आजोबांनी माळ्यावर ठेवलं होतं, त्याच पिशवीत.

मी परत पुढच्या अंगणात आले तेव्हा तिच्या हातात फोन होता. माझ्या हातातल्या फोनकडे तिने पाहिलं, मग माझ्याकडे. मी फोनमध्ये म्हटलं, "मीच ती बाई." तिने फोन आजोबांच्या हातात दिला आणि आत पळाली.

"आजोबा, तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी विचारलं. रागावून नाही, मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्यांना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारला.

"काय सांगायचा?" ते म्हणाले. "तुमी म्हनायच्या, बालाला फोन द्या. मी बालाला देत होतो."

दादाचं नाव का सांगत होतीस, हे मी तिला पुष्कळ दिवसांनी विचारलं. ती म्हणाली, पहिल्या दिवशी दादाने ते सांगितलं आणि बाई चांगलं म्हणाल्या, म्हणून. आणि जेवलो? "मला वाटला शालेत जेवलो म्हनतात." पाणी, शाळा, डोळा असे इतके शब्द मी तिला बदलून दिले होते, त्यात हा एक. तिच्या बाजूने पाहिलं तर ती कुणाला फसवत नव्हती. धडा म्हणत होती.

मी हेडसरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि मग गंभीर झाले, कारण कागदावर वर्गात पहिला असलेला मुलगा प्रत्यक्षात कोरा होता आणि जिला येत होतं ती पटावरच नव्हती. "बसू दे तिलाही," ते म्हणाले, "जूनमध्ये रीतसर घेऊ."

तशी ती यायला लागली. भावाशेजारी बसायची. हजेरी घेताना मी भावाचं नाव घेतलं की दोघांकडून हजर यायचं. मुलं हसायची. ती का हसतात हे तिला कळायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर म्हणायची. समोर बसून माझ्याशी बोलायला तिला आठवडाभर लागला, पण फळ्यावरचं वाचायला एकदा लागली ती थांबेना. भावाला विचारलं की तो तोंड उघडायच्या आत उत्तर तिचं. मी तिला गप्प राहायला सांगायचे. ती हाताने तोंड दाबून धरायची आणि बोटांतून उत्तर यायचं.

मुलगा यायचा बंद झाला. सकाळी घरातून निघायचा आणि शाळेत पोचायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी त्याला बंदराच्या बाजूला, ओढून ठेवलेल्या होड्यांपाशी गाठलं. तो तिथे एकटाच पाण्यात दगड टाकत होता.

"शाळेत का येत नाहीस?"

"ती असते."

"असली तर काय झालं? तुझी बहीणच ना?"

"तिला बसवू नका. मग येतो."

तो सात वर्षांचा होता, दुसरीत होता, आणि त्याला काही येत नाही हे आता सगळ्यांना दिसलं होतं, रोज, धाकट्या बहिणीच्या शेजारी बसून. दीड वर्ष तो समुद्रावर, बांधावर, खाजणात हिंडला होता आणि त्याचा त्याला कुणी जाब विचारला नव्हता. पटावर नाव त्याचं होतं. मी त्याला म्हटलं, "बरं. उद्यापासून ये."

संध्याकाळी आजोबांना सांगितलं की तिला जूनपर्यंत पाठवू नका.

"तिनं काय केला?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही. तिचं वय बसत नाही अजून."

"फोनवर बसत होता?"

ती दारात उभी होती आणि सगळं ऐकत होती. रडली नाही. आत गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्या फोनवर आजोबांचा नंबर आला. वर्ग चालू होता, मी उचलला नाही. पुन्हा आला. मधल्या सुट्टीत लावला तर ती म्हणाली, "बाई, मी घरीच हाय. तुमी बोला."

त्यानंतर जूनपर्यंत, शाळा उघडलेली असूनही, एका मुलीला मी फोनवर शिकवत राहिले. अलिबागच्या रिक्षाची वाट पाहताना वडाखाली उभी राहून मी तिला बाजू सांगितली. जेवतेस तो हात उजवा. काठी त्या हाताकडे, पोट दुसऱ्या हाताकडे. ती म्हणाली, मग सगळी भिंत चुकली का? मी म्हटलं, सगळी नाही. ट बरोबर आहे. ती म्हणाली, "मी पुसतो सगळा." मी म्हटलं, पुसते म्हण. ती म्हणाली, "आता पुसते? परवा तर..." आणि ती घोटाळली. मी तो विषय तिथेच सोडला.

मुलगा येत राहिला. शाळा सुटल्यावर मी त्याला थोडा वेळ थांबवून घ्यायचे आणि ट-ठपासून सुरुवात करायचे. त्याला अक्षरापेक्षा बोटींचे नंबर लवकर यायचे, तर मी बोटींच्या नंबरांवरून आकडे घेतले. हळू चालला होता, पण चालला होता. वर्ष संपता संपता तो जोडाक्षराशिवायचं वाचायला लागला. त्याच्या प्रगतिपत्रकावर मी त्या वर्षी जे लिहिलं ते आधीच्या वर्षीपेक्षा कमी होतं आणि पहिल्यांदाच त्याचं होतं. त्याच्या आईने ते पाहून विचारलं, "घसरला का?" मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती दिवसभर कामावर असायची, तिला फोनवर कोण बसतं हे नीटसं माहीत नव्हतं. तिने मुलीकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हनून हिच्या हाताला रोज कोलसा असायचा."

जूनमध्ये मुलगी पहिलीत आली, स्वतःच्या नावाने. मुलगा तिसरीत, पलीकडच्या खोलीत. पहिल्या दिवशी तिने उभं राहून सांगितलं, "मी आलो." सगळा वर्ग हसला. ती माझ्याकडे बघायला लागली, कारण हे मीच शिकवलं होतं. मी मुलांना गप्प केलं. आल्ये, आली, आले, यातलं काय म्हणावं हे तिला घरी एक आणि शाळेत एक ऐकू यायचं, त्यात माझं तिसरं. दिवाळीपर्यंत ती क्रियापदाशी आली की अडखळायची. बोलता बोलता मध्येच थांबायची, माझा चेहरा बघायची आणि मग पुढचा अर्धा शब्द बोलायची. फोनवर जे मूल न थांबता बोलायचं ते वर्गात जपून बोलायला लागलं होतं. हे हळूहळू गेलं. पूर्ण गेलं की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण त्यानंतर माझी बदली झाली.

आता मी उरणच्या बाजूला एका शाळेवर आहे. रेवसहून लाँचने पलीकडे उतरते. शाळेसमोरून दिवसभर कंटेनरचे ट्रेलर जातात, आणि माझ्या पहिलीतली मुलं ट्रेलरचालकांच्या चहाच्या टपरीवर ऐकलेलं हिंदी माझ्याशी बोलतात. मी ते सुधारते, पण आधी मुलाला नीट पाहून घेते, त्याचं नाव त्याच्या तोंडून आणि घरच्यांच्या तोंडून, दोन्हीकडून ऐकते. सोबतच्या शिक्षिका म्हणतात, बाई जरा जास्तच चौकशी करतात.

गेल्या महिन्यात रेवसच्या जेट्टीवर मला त्या दोघांची आई भेटली. अंगावर कामावरची नव्हे, चांगली साडी होती. भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचची वाट पाहत होती. मुंबईला नणंदेकडे लग्न होतं. तिने मला आधी ओळखलं.

"पोरं कशी आहेत?" मी विचारलं.

मुलगा हायस्कुलात जातो, अभ्यासात बेताचा आहे, कबड्डीत आहे, एकदा हात मोडून घेतला. आजोबा आहेत, पण ऐकू येत नाही. मुलीला चष्मा लागलाय.

"वाचते का?"

"लय वाचते. सामानाच्या पुड्यांचे कागदपन सोडत नाय." मग ती म्हणाली, "पन बाई, ती बोलायला कमी झालीय. मोठी झाली म्हनून असल."

"असेल," मी म्हटलं.

तिची लाँच लागली. तिने चपला हातात घेतल्या, साडी वर खोचली आणि फळीवरून आत गेली. माझ्या लाँचला अजून वेळ होता.